फिडेलिया कासोंडे यांचं घर

माणसानं मृत्युपत्र करायला घेतलं की तो आता फार दिवसांचा सोबती नाही असं लोकांना का वाटतं, हे फिडेलिस कासोंडे यांना शेवटपर्यंत समजलं नाही. छत्री विकत घेतली म्हणून कुणी 'फार भिजलात का हो' असं विचारायला घरी येत नाही. पण मृत्युपत्राचा नुसता विषय निघू द्या, गल्लीतला प्रत्येक जण तुमच्या डोळ्यांखालची कातडी न्याहाळायला लागतो.

हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला तो सिलुम्बाच्या मयताला. सिलुम्बा म्हणजे किट्वेच्या पाणीखात्यात जन्मभर त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस. अंगणात मंडळी अजून भजनं म्हणत होती आणि मागच्या दारानं सिलुम्बाचा फ्रीज चालला होता. त्याच्यामागून टीव्ही, त्याच्यामागून पलंग. फ्रीज उचलणारे नातेवाईक भजनाचा ताल सांभाळून पावलं टाकत होते, हे कासोंड्यांनी स्वतः पाहिलं. सिलुम्बाची बायको मोरीपाशी एक पातेलं पोटाशी धरून उभी होती. ते कुणी मागितलं नव्हतं, कारण त्याला भोक होतं.

कासोंडे बेम्बा जमातीचे. बेम्बांमध्ये माणसाचा खरा वारस म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा, असं जुनी माणसं अजून मानतात. बायको आणि पोरं ही जणू त्याच्याकडे मुक्कामाला आलेली माणसं. कायदा आता बायकापोरांच्या बाजूचा आहे, नाही असं नाही. पण कायदा राजधानीतून, लुसाकाहून निघतो आणि ट्रक पलीकडच्या गल्लीतून, तेव्हा आधी कोण पोचणार ते सांगायला नको.

त्या दिवसापासून कासोंड्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. खुर्चीत बसले की ही खुर्ची कोण नेईल, चहा घेतला की हा कप कोण नेईल. बायको प्रिस्का शिलाई मशीनवर बसलेली दिसली की मशीन अदृश्य व्हायचं आणि हवेत नुसते पाय मारणारी प्रिस्का दिसायची. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. थोरली चोला, म्हणून गल्लीत ही 'चोलाची आई' आणि ते 'चोलाचे बाबा'. चोलाच्या बाबांनी एका सकाळी टाय बांधला, घराचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि कुणाला न सांगता वकील गाठला.

वकील निघाली नाम्बेये नावाची बाई, वयानं चोलाएवढी. 'मुली' म्हणावं की 'बाई' म्हणावं या पेचात कासोंड्यांची पहिली काही वाक्यं विनासंबोधनच गेली.

"घर कुणाच्या नावावर आहे?" तिनं विचारलं.

"माझ्या. खाण कंपनीनं राहत्या भाडेकरूंना घरं विकली ना, तेव्हा घेतलं."

नाम्बेये बाईंनी कागद वाचला. मग चष्मा लावून परत वाचला.

"हे घर एका बाईचं आहे."

"कुठल्या बाईचं?"

"फिडेलिया कासोंडे."

इतकी वर्षं तो कागद कासोंड्यांनी पेटीच्या तळाशी जपला होता. दर ख्रिसमसला काढून त्याच्यावरचा शिक्का ते पाहून घेत. शिक्क्याच्या वरचा मजकूर वाचायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

"टायपिस्टचं बोट घसरलं असेल," ते म्हणाले. "शेवटच्या एका अक्षराचा तर प्रश्न आहे."

"बोट घसरलं असेल, पण शिक्का घसरलेला नाही. जे घर तुमचं नाही ते तुम्ही मृत्युपत्रात कसं देणार? आधी हे दुरुस्त करून आणा."

बाईंच्या बाहेरच्या टेबलावर जी कारकून बसते ती प्रिस्काच्याच चर्चच्या महिला मंडळात आहे, ही गोष्ट कासोंड्यांना ठाऊक असती तर पुढचं बरंच टळलं असतं. संध्याकाळपर्यंत मंडळात दोन बातम्या पोचल्या. एक, चोलाचे बाबा मृत्युपत्र करताहेत, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. दुसरी, राहतं घर कुणा फिडेलियाच्या नावावर आहे.

प्रिस्कानं त्या दिवशी मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा गोळा ताटात वाढला नाही, ताटावर आपटला. शेजारी सुकी मासळी ठेवली आणि समोर बसली.

"फिडेलियाला आवडते का हो सुकी मासळी?"

"कोण फिडेलिया?"

"आपली घरमालकीण."

कासोंड्यांनी टायपिस्ट, बोट, अक्षर, सगळं समजावून सांगितलं. प्रिस्का शेवटी "बरं" म्हणाली. नवरा म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला 'बरं'चे प्रकार कळतात. हे 'बरं' पुढचे कित्येक दिवस पुरणारं होतं.

कुंपणापलीकडे जेरे राहत. जेरे न्गोनी. न्गोनी आणि बेम्बा यांची पूर्वी लढाई झाली, त्याची भरपाई म्हणून दोघांनी एकमेकांची जन्मभर टिंगल करायची असा रिवाज आहे आणि जेरे हे रिवाजाला पक्के होते.

"काय रे माकडखाऊ, म्हणजे इतकी वर्षं मी एका बाईमाणसाला शिव्या देत होतो?" कुंपणावरून ते ओरडले. "आधी सांगायचंस, जरा सांभाळून बोललो असतो."

"तू तुझे उंदीर भाज, उंदीरखाऊ. मी काळजीत आहे."

"काळजी कसली? बायकोचं चितेंगे कमरेला गुंडाळ, डोक्याला फडकं बांध, कचेरीत जा आणि फिडेलिया म्हणून सही ठोकून ये. फक्त मिशी काढावी लागेल."

कासोंड्यांनी तोंड फिरवलं. पण सांगायला हरकत नाही, घरात गेल्यावर त्यांनी आरशासमोर दोन बोटांनी मिशी झाकून पाहिली. मिशीशिवाय ते आपल्या मावशीसारखे दिसत होते. मावशी कडक होती; तिला कचेरीत कुणी अडवलं नसतं. तरीही पाणीखात्यातल्या निवृत्त माणसाला ते शोभणार नाही असा विचार करून त्यांनी सरळ मार्ग धरला आणि एन्डोलाची बस पकडली.

नोंदणी कचेरीतला कारकून स्वेटर घालून भुईमुगाच्या शेंगा खात होता.

"फिडेलिया कासोंड्यांना घेऊन या. त्यांनी समक्ष सांगितलं की घर त्यांचं नाही, की झालं काम."

"अशी कुणी बाई नाही हो."

"वारल्या? मग मृत्यूचा दाखला आणा."

"वारल्या नाहीत. त्या जन्मल्याच नाहीत."

कारकुनानं शेंग फोडली. "मग न जन्मल्याचा दाखला आणा."

"असा दाखला देतात?"

"आजवर कुणी आणलेला नाही." कासोंड्यांचा चेहरा पाहून त्याला थोडी दया आली असावी. "वर्तमानपत्रात नोटीस द्या, की अशी कुणी व्यक्ती नाही, असल्यास पुढे यावं. कुणी आलं नाही तर बघू."

घरी परतले तर दारात एक गादी, एक जिवंत कोंबडी, घेवड्याचं पोतं आणि त्यांची थोरली बहीण एलेस्तिना. तिच्यामागे तिचा मुलगा चान्सा, म्हणजे रिवाजानं कासोंड्यांचा वारस. मंडळातली बातमी ताईच्या गावी, कासामापर्यंत पोचली होती आणि वाटेत तिनं चांगलं बाळसं धरलं होतं.

"फिडे, माझ्यापासून लपवू नकोस," ताईनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही, ताई."

"अरे देवा! म्हणजे आतल्या आत आहे."

त्या दिवसापासून कुठल्याशा मुळीचा काढा सुरू झाला. कासोंडे ठणठणीत होते, ते काढ्यानं आजारी दिसायला लागले. तिकडे चान्सा घरभर हिंडायचा. भिंतीवर टिचकी मारायचा, गाडीचं बॉनेट उघडून वाकायचा. "मामा, हा फ्रीझर जुना दिसत नाही." "मामा, मागच्या दाराला कडी एकच का?" "मामा, गाडीची दुसरी किल्ली कुठे असते?" भाच्यानं 'मामा' अशी हाक मारली की आपल्याला कुणीतरी मामा बनवतंय, असंच कासोंड्यांना वाटायचं. त्यांनी आधी गाडीची किल्ली कपाटात टाकली. मग चांगले कप. मग रेडिओ, घड्याळ, फोनचा चार्जर. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली अशा हुशारीनं लपवली, की ती त्यांनाही सापडेना. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ते दिवसभर उठत-बसत, उशा उचलत, फुलदाणीत हात घालत फिरायचे आणि ताई डोळे पुसत प्रिस्काला म्हणायची, "भ्रम व्हायला लागलाय गं."

नोटीस मात्र त्यांनी घरात कुणाला न सांगता जातीनं लिहिली. चांगली लांबलचक होती, तिच्यात 'सबब' हा शब्द दोनदा आला होता. पण वर्तमानपत्रवाले शब्दागणिक पैसे घेतात हे कळल्यावर कासोंडे खिडकीशी उभे राहून शब्द खोडायला लागले. आधी 'सबब' गेले. मग 'या नावाची कोणतीही व्यक्ती अस्तित्वात' गेलं. उरलं ते असं: 'फिडेलिया कासोंडे नाहीत. घरासंबंधी संपर्क', आणि खाली पत्ता. आपण किती वाचवलं या आनंदात त्यांनी ते परत वाचलं नाही. शेवटच्या पानावर जिथे जागा होती तिथे ते छापून आलं, आणि त्या पानावरच्या सगळ्याच मजकुरांवर क्रूस असतो तसा त्याच्यावरही आला.

अंक किट्वेत पोचला तेव्हा कासोंडे कुणाला न सांगता एन्डोलाला निघून गेले होते. चार्जर कपाटात असल्यामुळे फोन मेलेला होता. कारकुनानं "अजून काही दिवस वाट बघा" एवढंच सांगितलं आणि ते उलटपावली परत आले.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांना गाण्याचा आवाज आला. आपल्या फाटकासमोर गाड्या. अंगणात ताडपत्रीचा मांडव, खाली पुरुष खुर्च्यांवर, मध्ये कोळशाची शेगडी. कोच, टेबल, टीव्ही सगळं बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेलं. बैठकीची खोली मोकळी करून बायका जमिनीवर बसतात ती फक्त एका प्रसंगाला. कासोंडे धावतच सुटले. प्रिस्का? ताई?

फाटकाशी एका अनोळखी माणसानं त्यांचा हात हातात घेतला.

"फार चांगला माणूस होता हो."

"कोण?"

"कासोंडे. पाणीखात्यातले. माझं बिल नेहमी कमी करून द्यायचे."

"कधीच नाही!" कासोंडे कडाडले. नोकरीत त्यांनी कुणाचं बिल थेंबभर कमी केलं नव्हतं. "मी असलं काही... पण पेपरात तर फिडेलिया छापलंय ना?"

"छपाईची चूक. एका अक्षराचं ते काय! लगेच कळतं की, फिडेलिस म्हणायचंय."

जी गोष्ट एन्डोलाच्या कचेरीला पटवताना त्यांचे बूट झिजले होते, ती अख्ख्या किट्वेला चहाच्या पहिल्या घोटात समजली होती. या माणसाला मिठी मारावी की त्याचा गळा धरावा, ते त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात त्यांचं लक्ष कुंपणाकडे गेलं. तिथे एक छोटा टेम्पो उभा होता. टेम्पोत त्यांचा फ्रीझर चढलेला होता आणि चान्सा प्रिस्काचं शिलाई मशीन दोरीनं बांधत होता.

"चान्सा! चोरा! अरे, मी अजून गारही झालो नाही!"

चान्सानं वर पाहिलं. दोरी त्याच्या हातातून गळाली, आणि तो धडधाकट पोरगा मशीनला मिठी मारून खाली बसला. गाणं मधल्या ओळीत तुटलं. कुणी खुर्चीसकट मागे पडलं. भिंतीला टेकून जेरे बसले होते. मयताला मृताची नक्कल करून लोकांना हसवणं हे त्यांचं रिवाजाचं काम, त्यासाठी त्यांनी कासोंड्यांचा कोटही चढवला होता. पण नक्कल बाजूलाच राहिली होती. ते त्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होते. त्यांनी मान वर केली, कासोंड्यांना पाहिलं, आणि रडू न आवरताच म्हणाले, "माकडखाऊ, मरायचंसुद्धा धड जमत नाही का रे तुला?"

ताई घरातून धावत आली. भाऊ जिवंत पाहून तिनं छातीवर हात ठेवला. मग तो काय ओरडतोय ते तिच्या कानावर पडलं आणि तिचा चेहराच बदलला.

"चोर कुणाला म्हणतोस?"

"मग हे काय चाललंय? भजन संपेपर्यंतही दम नव्हता?"

"मावसभाऊ म्वान्सा लुआन्श्याहून ट्रक घेऊन निघालाय," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "त्याचा फोन आला. रडायच्या आधी त्यानं विचारलं, फ्रीझर किती फुटी आहे. म्हणून हे सगळं सिस्टरांच्या मठात पाठवत होते. तिथल्या खोलीला माझं कुलूप आहे. किल्ली बघायचीय? बायकोच्या गळ्यात बघ."

कासोंड्यांची नजर टेम्पोतल्या फ्रीझरकडे गेली.

"माझा नवरा गेला तेव्हा त्याच्या भावांनी दाराच्या बिजागऱ्यासुद्धा काढून नेल्या. तू ट्रक घेऊन आलास, आठवतं? आणि नुसती मला घेऊन गेलास, कारण न्यायला दुसरं काही राहिलंच नव्हतं. प्रिस्काला मी तसं रिकाम्या घरात उभं राहू देईन असं वाटलं तुला? माझ्या पोरानं दाराच्या कड्या मोजल्या त्या तुला लुटायला नाहीत रे. त्याच्या लहानपणी घरात कोण कसं शिरलं, ते त्यानं पाहिलंय."

चान्सा अजून मशीनला धरूनच बसला होता. कासोंडे त्याच्यापाशी गेले. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाची जी पंचाईत होते ती त्यांची झाली. त्यांनी खाली पडलेली दोरी उचलली, झटकली आणि त्याच्या हातात दिली.

"घट्ट बांध," ते म्हणाले. "मशीन हलतंय."

मग ते आत गेले. रिकाम्या खोलीत चटईवर बायकांच्या मध्ये प्रिस्का बसली होती. गळ्यात दोरीला किल्ली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"फोन का बंद होता?"

"चार्जर कपाटात आहे. आणि कपाटाची किल्ली... हरवलीय."

प्रिस्कानं डोक्याचं फडकं सोडलं आणि भर मंडळीत त्यांच्या पाठीत मारलं, दोनदा, तीनदा. मग तिनं त्यांची बाही मुठीत पकडली ती सोडेचना. म्हणाली, "ती फिडेलिया मेली असती ना, तर काही वाटलं नसतं मला."

म्वान्साचा ट्रक आला तेव्हा कासोंडे बाही प्रिस्काच्या मुठीत असतानाच फाटकापर्यंत गेले. "ये म्वान्सा," ते म्हणाले. "फ्रीझर पाच फुटी आहे. आणखी काही मोजायचंय?" म्वान्सानं सांत्वनासाठी तयार ठेवलेला चेहरा तसाच राहिला, तो बदलायला त्याला जेवणापर्यंत वेळ लागला. जेवण शिजलेलंच होतं आणि लोक उपाशी उठायला तयार नव्हते, त्यामुळे मयताचं जेवण मयतानं स्वतः वाढलं. रश्श्यात ताईची कोंबडी होती.

पाहुण्यांत नाम्बेये बाईही होत्या. अशिलाच्या मयताला जावं इतकी रीत त्यांना होती. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि उभ्या राहून विचारलं, "इथे कुणाकुणाला पेपरात फिडेलिया वाचून फिडेलिस कळलं?"

सगळ्या मांडवाचे हात वर गेले.

"लिहून द्याल?"

फादरांनी दिलं, पाणीखात्याच्या साहेबांनी दिलं, बिलवाल्या अनोळखी माणसानंही दिलं. जेरेंनी कासोंड्यांच्या नावाआधी 'माकडखाऊ ऊर्फ' असं लिहिलं, ते बाईंनी खोडायला लावलं. तो सगळा गठ्ठा घेऊन कासोंडे आणि बाई एन्डोलाला गेले. कारकुनानं एकेक कागद वाचला.

"म्हणजे ही दोघं एकच, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मग आधीच सांगायचंत. बरं, फिडेलिस करतो."

कासोंड्यांच्या डोळ्यांपुढे ती मोकळी खोली आली, आणि चटईवरची प्रिस्का.

"माझं नको," ते म्हणाले. "प्रिस्काचं करा."

"आधी तुमचं होईल, मग त्यांचं. परत यावं लागेल."

"येईन," कासोंडे म्हणाले, आणि परत गेलेही. प्रिस्काचं नाव टाइप होत असताना ते कारकुनाच्या खांद्यावर वाकून प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचत होते. कारकुनानं अर्ध्यावर त्यांना शेंगा दिल्या, त्या गप्प बसण्यासाठी होत्या हे त्यांना कळलं, पण त्यांनी खाल्ल्या.

कागद प्रिस्कानं वाचला, अगदी शिक्क्याच्या वरचा मजकूरही. नंतर एका सकाळी ती चर्चचे कपडे घालून बाहेर पडली आणि दुपारी परत आली.

"कुठे गेली होतीस?"

"नाम्बेये बाईंकडे. घर माझं आहे, तर मृत्युपत्रही मीच करायला हवं ना?"

कासोंड्यांनी मान डोलावली. योग्यच होतं. "काय लिहिलंस?"

"मागची खोली ताईंना. त्या हयात आहेत तोवर कुणी त्यांना हलवायचं नाही. मशीन धाकटीला. चान्साला गाडी, तो तिची काळजी घेईल."

"गाडी माझी आहे."

"मग तेवढी ओळ तुम्ही लिहा."

"लिहितो. आणि घर?"

प्रिस्का ताटं गोळा करायला लागली. "ते अजून ठरायचंय. बाई म्हणाल्या, घाई नाही, आणि मृत्युपत्र केव्हाही बदलता येतं."

"म्हणजे माझं नाव आहे की नाही?"

"आहे हो. पेन्सिलीनं आहे."

कासोंडे खुर्चीत बसले. उठले. खिडकीपर्यंत जाऊन आले. कुंपणापलीकडून जेरे काहीतरी ओरडले, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. मग त्यांनी प्रिस्काच्या हातातली ताटं काढून घेतली, बाह्या वर केल्या आणि मोरीकडे निघाले.

"राख जरा जास्त घ्या," मागून घरमालकीण म्हणाली. "रश्श्याचं ताट आहे."